खुडूक कोंबडी व पिलांचे संगोपन

अंडी घालण्याचे थांबवून ती उबविण्यासाठी घरट्यात ठाण मांडून बसणाऱ्या कोंबडीला ‘खुडूक कोंबडी’ व तिच्या या प्रवृत्तीला ‘खुडूकपणा’ म्हणतात. अंडी घालणे, ती उबविणे आणि पिलांना वाढविणे हे पक्ष्याच्या प्रजोत्पादनाचे तीन टप्पे असून खुडूकपणा हा पहिल्या टप्प्याला पुढील दोन टप्प्यांशी जोडणारा दुवा होय. आधुनिक व्यापारी कुक्कुटपालनात अंडी यंत्राने उबविली जातात. त्यामुळे तेथे खुडूकपणा हा दोष ठरला आहे. याउलट परसात चार-सहा देशी कोंबड्या पाळणाऱ्या कुटुंबाला नवी पिले मिळण्याचा तोच मुख्य मार्ग आहे. अशा कुटुंबात कळप टिकतो की संपतो, हे पुष्कळ अंशी कोंबडी खुडूक बसल्यापासून पिले आईवेगळी होईपर्यंतच्या सु. अकरा आठवड्यांत त्यांची निगा कशी राखली जाते, यावर अवलंबून असते.

कारणे : पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा (गॅलस गॅलस) हा होय. रानटी अवस्थेत मादी विशिष्ट ऋतूत थोडी अंडी घालते, ती उबविते व पिले मोठी झाल्यावरच पुन्हा अंडी घालू लागते. देशी कोंबडीत हे चक्र बऱ्याच अंशी टिकून आहे. एका वेणात साधारणपणे १२ ते १८ अंडी घातल्यावर ती खुडूक होते.

खुडूकपणा हा हॉर्मोनांच्या (शरीरातील ग्रंथींपासून रक्तात मिसळणाऱ्या उत्तेजक स्रावांच्या) प्रभावाने घडून येतो. वाढता दिवस, उबदार हवा, अंधारी व निवांत जागा आणि मुख्यतः पोटाच्या त्वचेला होणारा अंड्यांचा स्पर्श यांमुळे मेंदूतील अधोथॅलॅमस या भागातून ‘व्हॅसोॲक्टिव्ह इंटेस्टिनल पेप्टाइड’ हे द्रव्य स्रवते. त्याच्या प्रभावाने पोष ग्रंथीच्या पुढील भागातून प्रोलॅक्टिन हे हॉर्मोन अधिक प्रमाणात रक्तात येते. त्याच वेळी अंडकोशाचे कार्य चालू ठेवणाऱ्या ल्युटिनायझिंग हॉर्मोनाचे प्रमाण घटते, अंडकोश आक्रसतो व अंडी घालणे बंद होते. घरट्यात अंडी साचू दिली, तर खुडूकपणाला चालना मिळते. ती रोजच्या रोज उचलली, तर तो लांबतो.

लक्षणे : खुडूक कोंबडी रात्रीही घरटे सोडत नाही. जवळ गेल्यास ती पिसे फुलविते, पंख पसरते, घोगरा आवाज काढते व हाताला टोचते. चालताना ती ‘कुक् कुक्’ असा एकसारखा आवाज करते. तिचा तुरा आक्रसतो व फिकट दिसतो. छातीच्या व पोटाच्या खालच्या भागाची पिसे गळून त्वचा उघडी पडते, तेथील रक्तवाहिन्या विस्फारतात व त्या भागातून शरीराची ऊब अंड्यांना थेट मिळते. कोंबडीचे खाणे अगदी कमी होते. ती दिवसातून बहुधा एकदाच दाणापाण्यासाठी उठते आणि त्या वेळी एकदम मोठी व दुर्गंधीयुक्त विष्ठा टाकते. उबवणीच्या काळात तिच्या वजनात लक्षणीय घट होते. ती आजाराची खूण नसून या अवस्थेचा स्वाभाविक भाग आहे. मात्र आधीच कृश असलेली कोंबडी हा ताण सोसू शकत नाही.

आनुवंशिकता व इतिहास : खुडूकपणा आनुवंशिक आहे. तो लिंगसूत्रावरील एकाच जनुकामुळे येतो, असे एके काळी मानले जाई. पुढील संशोधनानुसार त्यात इतर गुणसूत्रांवरील जनुकांचाही वाटा आहे. सिल्की व कोचीन या जाती खुडूकपणासाठी प्रसिद्ध आहेत. भारतातील असील जातीच्या कोंबड्या अंडी थोडी घालतात. परंतु त्या उत्तम उबविणाऱ्या व पिलांसाठी शत्रूशी झुंजणाऱ्या माता म्हणून ओळखल्या जातात. व्हाइट लेगहॉर्न जातीच्या कोंबड्या क्वचितच खुडूक होतात.

आईविना अंडी उबविण्याची कला प्राचीन आहे. ईजिप्तमध्ये शेणाच्या उबेवर अंडी उबवीत असल्याचा उल्लेख ॲरिस्टॉटल (इ. स. पू. ३८४–३२२) यांनी केला आहे. कोंबडीखालची अंडी क्रमाने फोडून त्यांतील भ्रूणाची वाढ कशी होत जाते, याचे वर्णनही त्यांनीच केले. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर यांनी ईजिप्तमधील उबवणी भट्ट्यांचा अभ्यास करून १७४९ मध्ये कृत्रिम उबवणीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत कॅलिफोर्नियातील पेटालूमा येथे व्यापारी उपयोगाची उबवणी यंत्रे तयार होऊ लागली. यानंतर अंडी घालणारी आणि उबविणारी कोंबडी एकच असण्याची गरज उरली नाही. पैदासकारांनी खुडूक न होणाऱ्या कोंबड्या पिढ्यान्‌पिढ्या निवडल्या. अंड्यांसाठी पाळलेल्या आधुनिक संकरित कोंबड्या वर्षाला ३०० च्या आसपास अंडी घालतात, तर देशी कोंबडी तीन-चार वेणांत मिळून सु. ५० ते ७० अंडी घालते. या फरकाची कारणे अनेक आहेत. खुडूकपणा हे त्यांतील एक प्रमुख कारण होय.

कोंबडीची निवड : अंडी उबविण्यासाठी निवडावयाची कोंबडी निरोगी, मध्यम बांध्याची व शांत असावी. पूर्वी तिने पिले यशस्वीपणे वाढविली असल्यास उत्तम. प्रथमच खुडूक झालेली तलंग पुष्कळदा अर्ध्यावर उठून जाते. फार जड कोंबडीखाली अंडी फुटतात व फार लहान कोंबडीखाली ती पुरेशी झाकली जात नाहीत. कोंबडी बसविण्यापूर्वी तिच्या पंखांखालची व शेपटीच्या बुडाची पिसे उलटून उवा, पिसवा व गोचिडी नाहीत ना, हे पाहावे. तीन आठवडे एकाच जागी बसणाऱ्या कोंबडीवर हे परोपजीवी झपाट्याने वाढतात, तिला बेजार करून घरटे सोडावयास लावतात व पुढे पिलांवर चढतात. कोंबड्यांच्या गोचिडीमुळे स्पायरोकीटजन्य रोगाचाही प्रसार होतो.

अंड्यांची निवड व साठवण : अंडी फलित असावी लागतात. त्यासाठी साधारणपणे आठ ते दहा कोंबड्यांमागे एक जोमदार नर ठेवतात. नर काढून घेतल्यानंतरही सु. दहा दिवसांपर्यंत फलित अंडी मिळू शकतात. उबविण्यासाठी मध्यम आकाराची, स्वच्छ, तडा नसलेली व जाड कवचाची अंडी निवडतात. फार मोठी, फार लहान किंवा वेडीवाकडी अंडी टाळतात. अंडे पाण्याने धुऊ नये. त्यावरील नैसर्गिक लेप निघून गेल्यास कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून रोगजंतू आत शिरतात.

अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नसावीत. उन्हाळ्यात तर तीन-चार दिवसांचीच अंडी घ्यावीत. साठवणीचे तापमान १३° ते १६° से. असणे उत्तम. हवा त्याहून पुष्कळ उष्ण असल्यास कोंबडी बसविण्यापूर्वीच भ्रूणाची वाढ अर्धवट सुरू होते व तो मरतो. महाराष्ट्रात एप्रिल-मे महिन्यांत बसविलेली अंडी मोठ्या प्रमाणावर वाया जातात, याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे. शीतकरणाची सोय नसेल तेथे मातीचे मडके ओल्या वाळूत अर्धे पुरून त्यात अंडी ठेवण्याची साधी युक्ती उपयोगी पडते. बाष्पीभवनामुळे मडक्यातील हवा बाहेरच्यापेक्षा थंड राहते. अंडी निमुळते टोक खाली करून ठेवावीत.

घरटे व बसवणूक : घरट्यासाठी सु. ३५ ते ४० सेंमी. व्यासाची पसरट टोपली पुरते. तळाशी थोडी ओलसर माती किंवा वाळू घालून तिला उथळ खळग्याचा आकार देतात व वर भाताचा पेंढा अथवा वाळलेले गवत अंथरतात. खळग्यामुळे अंडी कडेला घरंगळत नाहीत व खालच्या ओलाव्यामुळे घरट्यातील हवा कोरडी पडत नाही. गवतावर चाळलेली राख भुरभुरल्यास उवा-पिसवांचा उपद्रव कमी होतो. टोपली अंधाऱ्या, हवेशीर, पावसापासून सुरक्षित व इतर कोंबड्यांचा वावर नसलेल्या जागी ठेवतात. इतर कोंबड्या त्याच घरट्यात अंडी घालू लागल्यास निरनिराळ्या वयाचे भ्रूण एकत्र येतात आणि पहिली पिले निघताच आई उठून गेल्याने उरलेले मरतात. म्हणून बसविलेल्या अंड्यांवर शिसपेन्सिलीने खूण करावी व नवे अंडे आढळल्यास काढून घ्यावे.

कोंबडीला नव्या जागी हलवावयाचे असल्यास ते रात्री करतात. प्रथम एक-दोन दिवस खोटी किंवा टाकाऊ अंडी ठेवून ती स्थिर बसते की नाही, हे पाहतात व मग एका रात्री सर्व अंडी एकदम ठेवतात. देशी कोंबडीखाली १० ते १२ अंडी ठेवणे योग्य. थंडीत ही संख्या एक-दोनने कमी करतात. अधिक अंडी ठेवल्यास कडेची अंडी गारठतात. कोंबडी अंडी फिरविताना तीच अंडी मध्ये व दुसरी कडेला जात असल्याने नुकसान कडेच्या दोन अंड्यांपुरते राहत नाही, तर सबंध वेणास पोहोचते.

उबवणीचा काळ : कोंबडीचे अंडे उबण्यास २१ दिवस लागतात. कोंबडीखाली बदकाची व टर्कीची अंडीही उबविता येतात. त्यांना सु. २८ दिवस लागत असल्याने कोंबडीला आठवडाभर अधिक बसावे लागते. बसलेल्या कोंबडीखालील अंड्याचे तापमान ३७° ते ३८° से.च्या आसपास असते. ती दिवसातून अनेक वेळा चोचीने अंडी फिरविते. त्यामुळे भ्रूण कवचाच्या आतील पटलाला चिकटत नाही व सर्व अंड्यांना सारखी ऊब मिळते. यंत्राने जे नियंत्रक, पंखे व फिरते तबक वापरून साधावे लागते, ते ती आपल्या पोटाच्या त्वचेला होणाऱ्या संवेदनेवरून साधते.

या काळात कोंबडीची निगा साधी असली, तरी ती नियमित हवी. घरट्याजवळ स्वच्छ पाणी आणि ज्वारी, बाजरी किंवा मका यांसारखे अख्खे धान्य ठेवतात. ओल्या खाद्याने विष्ठा पातळ होऊन घरटे घाण होण्याचा संभव असतो. एखादी कोंबडी दिवसभर उठतच नाही. तिला हलकेच उचलून दाणापाण्यापाशी सोडावे. उचलण्यापूर्वी पंखाखाली अंडे अडकलेले नाही, याची खात्री करावी. जवळच राखमिश्रित कोरड्या मातीचा खळगा असल्यास ती त्यात लोळून अंग स्वच्छ करते. पंधरा-वीस मिनिटे घरटे रिकामे राहिल्याने अंड्यांना अपाय होत नाही. एखादे अंडे फुटल्यास लगेच घरटे स्वच्छ करून गवत बदलावे.

सातव्या दिवशी रात्री अंड्यांची प्रकाश-परीक्षा करतात. पुठ्ठ्याला अंड्याहून लहान भोक पाडून त्यामागे विजेरी धरतात व भोकावर अंड्याचे रुंद टोक टेकवितात. जिवंत भ्रूण असल्यास मध्यभागी गडद ठिपका व त्यापासून कोळ्याच्या पायांप्रमाणे पसरलेल्या रक्तवाहिन्या दिसतात. अफलित अंडे स्वच्छ दिसते. मेलेल्या भ्रूणाभोवती पुष्कळदा रक्ताचे कडे दिसते. अफलित व मेलेली अंडी काढून टाकावीत. ती आत सडून फुटल्यास इतर अंडी दूषित होतात. चौदाव्या दिवसाच्या सुमारास पुन्हा एकदा परीक्षा करतात. अठराव्या दिवसानंतर मात्र अंडी हाताळू नयेत. हवा फार कोरडी असल्यास या शेवटच्या दिवसांत घरट्याच्या कडेच्या गवतावर कोमट पाण्याचा हलका शिडकावा करतात. ओलावा अपुरा पडल्यास आतील पटल कोरडे होऊन पिलाला चिकटते.

पिलांचा जन्म : एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी उरलेला पिवळा बलक पीतक कोशासह पिलाच्या उदरात ओढला जातो. पिलू चोचीने अंड्याच्या रुंद टोकाकडील हवेच्या पोकळीचे पटल फाडते व फुप्फुसांनी श्वास घेऊ लागते. या वेळी अंड्यातून बारीक चिवचिव ऐकू येते व कोंबडीही मंद आवाजाने तिला साद देते. त्यानंतर चोचीवरील टणक दंताने पिलू कवचाला टवका पाडते. पहिला टवका पडल्यापासून बाहेर येईपर्यंत बारा तास किंवा त्याहूनही अधिक काळ लागू शकतो. या अवधीत पिलू निश्चल वाटते; पण त्या वेळी आतील पटलांमधील रक्त त्याच्या शरीरात शोषले जात असते. दयाबुद्धीने कवच सोलून काढल्यास रक्तस्राव होऊन पिलू मरते. म्हणून या दिवशी कोंबडीला व घरट्याला अजिबात त्रास न देणे हीच उत्तम निगा होय.

पोटात घेतलेल्या बलकावर पिलू दोन दिवस तग धरू शकते. निसर्गात पहिले पिलू निघाल्यापासून शेवटचे निघेपर्यंत आईला बसून राहता यावे, अशी ही योजना आहे. उबवणी केंद्रांतून एक दिवसाची पिले दूरच्या गावी पाठविता येतात, तीही याच कारणाने. सर्व पिले निघून कोरडी झाल्यावर कवचे व न फुटलेली अंडी काढून घ्यावीत व गवत बदलावे.

आई व पिले : नुकत्याच जन्मलेल्या पिलाच्या अंगावर केवळ लव असते. त्याला स्वतःच्या शरीराचे तापमान टिकविता येत नाही. आईविना वाढविलेल्या पिलांना पहिल्या आठवड्यात सु. ३५° से. तापमान द्यावे लागते व ते दर आठवड्यास सु. ३° से.ने उतरवीत न्यावे लागते. आईबरोबरची पिले गारठताच तिच्या पंखांखाली शिरतात व ऊब मिळाली की बाहेर पडतात. वय वाढेल तशी ही ये-जा कमी होते. पाचव्या-सहाव्या आठवड्यापर्यंत पिसे पुरेशी फुटल्यावर दिवसा तिची फारशी गरज उरत नाही.

पिलू जन्मानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत जी हलती वस्तू पाहते, तिच्यामागे जाण्यास शिकते. इंग्रज निरीक्षक डग्लस स्पॉल्डिंग यांनी १८७३ मध्ये कोंबडीच्या पिलांसंबंधी हे नोंदविले होते. पुढे ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञ कॉनरॅड लोरेन्ट्स यांनी हंसजातीय पक्ष्यांच्या पिलांवरील अभ्यासाने त्याला शास्त्रीय प्रतिष्ठा दिली. याच काळात आईही पिलांचा आवाज ओळखू लागते. परकी पिले तिला द्यावयाची असल्यास ती एक-दोन दिवसांचीच असावीत व रात्रीच्या अंधारात तिच्या पंखांखाली सरकवावीत. तिच्या पिलांपेक्षा वयाने मोठी पिले ती बहुधा टोचून हाकलते. दोन-तीन कोंबड्या एकाच दिवशी बसविल्यास सर्व पिले एकीच्या हवाली करून इतरांना लवकर अंड्यांवर आणता येते. मात्र एका आईच्या पंखांखाली मावतील एवढीच, म्हणजे सु. १५ पिले तिला द्यावीत.

आई पिलांना काय खावे, हे शिकविते. दाणा किंवा किडा सापडला की ती विशिष्ट आवाज काढून तो चोचीने पुनःपुन्हा उचलून टाकते व पिले धावत येऊन टिपतात. आकाशातील घारीसाठी व जमिनीवरील मांजरासाठी तिचे इशारे वेगवेगळे असतात. पहिल्या इशाऱ्याने पिले दडून निश्चल होतात. आठ आठवड्यांच्या सुमारास ती पिलांना टोचून दूर सारू लागते. हे चक्र पुरे झाल्याची व लवकरच ती पुन्हा अंड्यांवर येणार असल्याची खूण होय.

आहार : पहिले दोन-तीन दिवस मक्याचा भरडा, तांदळाची कणी किंवा बारीक बाजरी कागदावर अथवा उथळ ताटलीत पसरून देतात. त्यानंतर पिलांसाठीचे तयार खाद्य देणे उत्तम. त्यात प्रथिने सु. २० टक्के असतात. ते परवडत नसल्यास धान्याच्या भरड्याला पेंडीची व सुकटीच्या चुऱ्याची जोड द्यावी. वाळवी हे पिलांचे आवडते व प्रथिनयुक्त खाद्य असून शेणमाती व काडीकचरा भरलेले ओलसर मडके जमिनीवर उपडे ठेवून ती गोळा करता येते. अंड्यावरील कोंबड्यांचे खाद्य मात्र पिलांना कधीही देऊ नये. त्यात कवचासाठी कॅल्शियम पुष्कळ घातलेले असते व त्याने पिलांच्या मूत्रपिंडांना अपाय होतो. पिलांचे खाद्य आईने खाल्ले तर चालते.

खाद्य उघड्यावर ठेवल्यास आई व इतर कोंबड्या ते संपवितात. यासाठी पिलांना शिरता येईल, पण मोठ्या कोंबडीला येणार नाही, एवढ्या फटी ठेवून कामट्यांचा पिंजरा करतात व खाद्य त्यात ठेवतात. पाण्याचे भांडे उथळ असावे व त्यात स्वच्छ खडे घालावेत. अन्यथा पिले बुडून किंवा भिजून गारठून मरतात.

निवारा व शत्रू : मोकाट फिरणाऱ्या पिलांपैकी निम्मी किंवा त्याहूनही अधिक पिले पहिल्या आठ आठवड्यांत दगावल्याच्या नोंदी अनेक देशांतील ग्रामीण पाहण्यांत आढळतात. घार, शिक्रा, कावळा, मुंगूस, मांजर, कुत्रा, घूस, साप व घोरपड हे त्यांचे मुख्य शत्रू होत. गारठा, पाऊस व उपासमार यांचा वाटाही मोठा असतो. आई कितीही दक्ष असली, तरी पहिल्या आठवड्यात दहा-बारा पिले घेऊन ती दूरवर चरू लागली की मागे राहणारे दुबळे पिलू हटकून बळी पडते.

म्हणून पहिले दोन ते चार आठवडे आई व पिले यांना डालग्याखाली किंवा जाळीच्या खुराड्यात ठेवून दाणापाणी तेथेच देणे हितकारक ठरते. डालगे म्हणजे बांबूच्या कामट्यांची मोठी, विरळ विणीची टोपली. ती उपडी घालून कोंबड्या झाकण्याच्या क्रियेला ‘डालणे’ म्हणतात. डालगे रोज नव्या, कोरड्या जागेवर हलवावे व भर उन्हात ठेवू नये. दुसरी सोय म्हणजे आईला डालग्याखाली ठेवून पिलांना फटींतून ये-जा करू देणे. आईचा आवाज ऐकू येत असल्याने ती फार दूर जात नाहीत. रात्रीच्या खुराड्याच्या फटी मुंगूस व घूस यांना शिरता येणार नाही एवढ्या अरुंद असाव्यात व तळ जमिनीपासून उंच असावा.

रोग : पिलांचा सर्वांत घातक रोग रानीखेत हा होय. हिमालयातील रानीखेत येथे आढळल्यावरून भारतात त्याला हे नाव पडले. हा विषाणुजन्य रोग असून त्यावर उपचार नाही. लस हाच उपाय होय. पाचव्या ते सातव्या दिवशी एफ किंवा लासोटा या प्रकारच्या लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत घालतात, चार-पाच आठवड्यांनी ती पुन्हा देतात व आठव्या आठवड्यानंतर आरटूबी ही लस टोचतात. सहाव्या ते आठव्या आठवड्यात देवीची लस देतात. लस २° ते ८° से. तापमानात ठेवावी लागते व तिच्या एका कुपीत शंभर किंवा अधिक मात्रा असतात. ती तयार केल्यावर लगेच वापरावी लागत असल्याने एकट्या कुटुंबाला परवडत नाही. गावातील अनेक घरांनी कोंबड्या एकाच सुमारास बसवून एकाच दिवशी लसीकरण केल्यास ही अडचण दूर होते.

रक्ती हगवण (कॉक्सिडिओसिस) हा आयमेरिया वंशातील सूक्ष्म परोपजीवींमुळे होणारा रोग विशेषतः तीन ते आठ आठवड्यांच्या पिलांत ओलसर जागी पसरतो. अंथरूण कोरडे ठेवणे व खाद्यपाण्यात विष्ठा न पडू देणे हे प्रतिबंधक उपाय होत. लागण झाल्यास पशुवैद्याच्या सल्ल्याने अँप्रोलियमसारखे औषध पाण्यातून देतात. पुलोरम या जंतुजन्य रोगात पिलांना पांढरी हगवण लागते. तो आईकडून अंड्यातून पिलांत उतरतो. म्हणून त्यातून वाचलेल्या कोंबडीची अंडी उबविण्यासाठी वापरू नयेत. अनेक कोंबड्या अचानक मेल्यास त्यांना न हाताळता पशुवैद्यकीय दवाखान्यास कळविणे आवश्यक आहे. २००६ मध्ये नवापूर (जि. नंदुरबार) परिसरात एव्हियन इन्फ्लूएंझाची (बर्ड फ्लूची) देशातील पहिली साथ उद्भवली, तेव्हा व्यापारी फार्मांबरोबर परसातील कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या होत्या.

खुडूकपणा मोडणे : पिले नको असतील किंवा ऋतू प्रतिकूल असेल, तर खुडूकपणा मोडणे इष्ट असते. अंडी काढून घेऊन कोंबडीला तळाला जाळी किंवा पट्ट्या असलेल्या, जमिनीपासून उंच पिंजऱ्यात तीन-चार दिवस उजेडात ठेवतात. दाणापाणी भरपूर देतात. मात्र गवत देत नाहीत. खालून हवा खेळत असल्याने पोटाला ऊब व घरट्याचा स्पर्श मिळत नाही, प्रोलॅक्टिनाचे प्रमाण उतरते व काही दिवसांत ती पुन्हा अंड्यांवर येते. खुडूक होताच हा उपाय केल्यास लवकर गुण येतो. कोंबडीला पाण्यात बुडविणे, उपाशी ठेवणे किंवा नाकपुड्यांत पीस खुपसणे हे जुने प्रकार क्रूर असून त्यांनी कोंबडीची प्रकृती खालावते. त्यामुळे अंडी अधिकच लांबतात.

ऋतू व आर्थिक महत्त्व : महाराष्ट्राच्या हवामानात पावसाळा संपल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ कोंबडी बसविण्यास सर्वांत अनुकूल असतो. या काळात अंडी टिकतात, जमीन कोरडी असते, सुगीचे सांडलेले धान्य मिळते व उन्हाळ्यापूर्वी पिलांना पिसे फुटलेली असतात.

परसातील कुक्कुटपालन बहुधा घरातील स्त्रियांच्या हाती असते व कोंबडी-अंड्यांच्या विक्रीतून येणारा पैसा मीठमिरची, औषधपाणी व मुलांच्या शाळेचा खर्च यांसाठी हाताशी राहतो. या दृष्टीने पिलांच्या संगोपनाचा हिशेब पाहण्यासारखा आहे. १२ अंड्यांतून नऊ पिले निघाली व त्यांतील निम्मी दगावली, तर चार-पाच उरतात. त्यांत माद्या दोनच असतात व त्यांतील एक म्हाताऱ्या आईची जागा घेते. तीच नऊ पिले डालग्याखाली, पुरेशा दाण्यावर व लस देऊन वाढविली आणि त्यांतील सात जगली, तर विक्रीस नर व वाढीस माद्या मिळून कळप वाढू लागतो. कोंबडीने बसण्यात व पिले सांभाळण्यात घालविलेले अकरा आठवडे दोन्ही वेळा सारखेच असतात. फरक पडतो तो तिच्या कष्टाचे फळ राखले जाते की नाही, एवढाच.

ग्रामीण भागासाठी अधिक अंडी व मांस देणाऱ्या सुधारित जाती विकसित करण्यात आल्या आहेत. हैदराबाद येथील भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या संस्थेने तयार केलेली वनराजा ही त्यांपैकी एक होय. महाराष्ट्र शासनाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे पुणे, कोल्हापूर, नागपूर व छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथे आहेत. वनराजासारख्या जातीच्या कोंबड्या खुडूक होत नाहीत. त्यामुळे त्या पाळणाऱ्यास दर खेपेस नवी पिले विकत आणावी लागतात किंवा त्यांची फलित अंडी देशी कोंबडीखाली ठेवावी लागतात. केंद्रापासून दूरच्या वाड्यावस्त्यांत हा दुसरा मार्गच व्यवहार्य ठरतो. अशा प्रकारे सुधारित जातीचे अंडे आणि देशी कोंबडीचे मातृत्व यांची सांगड घातली जाते. ती टिकविण्यासाठी सुधारणेच्या ओघात खुडूक होणाऱ्या देशी कोंबड्यांचे वाण गावातून नाहीसे होऊ न देणे आवश्यक आहे.